घरच्याचं मोजायचं नाही

४ फेब्रुवारी

मायना काय लिहावा हे ठरवण्यातच माझा चहा गार झाला. 'प्रिय' लिहायचा हक्क मी घालवून बसले आहे. नुसतं नाव लिहिलं तर हजेरी घेतल्यासारखं वाटतं. ढब्बू तुला तुझ्या वेळापत्रकांवरून 'साडेआठ' म्हणतो, पण ती हाक तुमच्या दोघांतली. तेव्हा मायन्याची जागा कोरी सोडते.

तू माझे फोन घेत नाहीस, ते बरोबरच आहे. पत्रही फाडलंस तर मी काही म्हणणार नाही. फक्त त्याआधी एवढं वाच: तुझा नवरा आमच्या प्रयोगशाळेत येऊन गेला.

आमच्याकडे पुरुष आत येत नाहीत. शेजारच्या खोलीतून भिंतीतल्या छोट्या खिडकीवर डबी ठेवायची आणि निघून जायचं. चेहरा दिसू नये म्हणून ती खिडकी मुद्दाम कमरेच्या उंचीवर आहे. एकोणीस वर्षं मी तिच्यातून फक्त हात पाहते आहे. अंगठ्या घातलेले, शाईचे, ग्रीसचे, थरथरणारे. डबी ठेवून पटकन मागे जाणारे हात, जणू खिडकी चावणार आहे.

एकोणतीस जानेवारीला सकाळी पहिलाच हात आला तो मनगटाशी भाजलेला. भट्टीच्या दाराचा तो डाग मला पाठ आहे. त्यावर मीच महिनाभर मलम लावलं होतं. डबी उचलली तेव्हा आमची बोटं एकमेकांना लागली आणि त्याने ती जरा वेळ तशीच राहू दिली.

मग आमच्या काकांनी डबी माझ्या हातातून काढून घेतली. काका म्हणजे आमचे सगळ्यात जुने मोजणारे, एकतीस वर्षं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेला माणूस. त्यांनी खिडकीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बाई, घरच्याचं मोजायचं नाही." आमच्याकडे हा नियम कुठे लिहिलेला नाही. सगळे पाळतात.

संध्याकाळी अहवाल घेऊन ढब्बू माझ्या घरी आला. जिने चढून धापा टाकत होता. कागद टेबलावर ठेवून म्हणाला, "ताई, चाळीस लाख! आपल्या अख्ख्या शहरात एवढी माणसं नाहीत."

मी म्हटलं, "ढब्बू, निदान एक कोटी साठ लाख तरी लागतात. एका मिलिलिटरला."

तो हसला. मग हसू तसंच तोंडावर राहिलं, डोळ्यांतलं मात्र निघून गेलं.

शंभर शुक्राणूंतले अकरा हलत होते. हे तुला त्याच्या परवानगीने लिहिते आहे. "तिला तूच लिही," म्हणाला. "मी लिहायला बसलो की पहिल्याच ओळीत विनोद होतो."

तू घर सोडून जाताना दारात त्याला म्हणाली होतीस, "माझं सगळं तपासून झालं. आता तू जा." त्याला जायला सहा महिने लागले. पण गेला.

– त्याची बहीण

२० फेब्रुवारी

तुझं उत्तर आलं नाही. पत्र परतही आलं नाही. मी त्याचा मला हवा तो अर्थ काढते आहे.

आमच्या मोठ्या डॉक्टरबाईंनी त्याला समोर बसवून अर्धा तास समजावलं. मी कोपऱ्यात उभी होते. एकोणीस वर्षं त्याच भिंतीच्या अलीकडे काम करूनही मी हे असं कधी ऐकलं नव्हतं. मी आकडे लिहिते. आकड्यांमागचा माणूस बाईंच्या खोलीत जातो.

त्यांनी आधी विचारलं, "दिवसभरात काय खाता?"

"काही विशेष नाही."

"कामावर?"

तेव्हा एकेक बाहेर आलं. बिस्किटांच्या कारखान्यात तुटकी बिस्किटं कामगारांना फुकट, हे तुला माहीत आहे. भट्टीसमोर घाम येतो म्हणून पाळीत दोन मोठ्या बाटल्या गोड सोडा. घरी येऊन जेवण, आणि जेवणानंतर पुन्हा बिस्किटं, कारण पिशवी भरलेली आणि तू घरात नाहीस. वजन एकशे अठरा. बारा वर्षं भट्टीपुढे.

बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "लोकांना वाटतं, चरबी म्हणजे कोठीत ठेवलेलं धान्य. नुसतं पडून. तसं नसतं हो. ती जागी असते, काम करते. पुरुषाच्या शरीरातला जो रस बीज बनवायला लागतो, त्यातला काही ती दुसऱ्याच रसात बदलून टाकते. वर मेंदूला वाटतं, खाली सगळं ठीक आहे, आणि तो हुकूम पाठवायचा कमी करतो. त्यात मांड्यांमधली ऊब, त्यात तुमची भट्टी. बीज बनायला अंगापेक्षा थोडा गारवा लागतो. म्हणून तर निसर्गाने ती जागा बाहेर काढून ठेवली आहे."

ढब्बू म्हणाला, "म्हणजे मी त्यांना बेक करतोय."

बाईंना हसू आवरेना. मग गंभीर होऊन त्यांनी जे सांगितलं त्यावर मी पंधरा दिवस विचार करते आहे. एक बीज तयार व्हायला साधारण चौऱ्याहत्तर दिवस लागतात. म्हणजे आज आपण भिंगाखाली जे पाहतो त्याची सुरुवात अडीच महिन्यांपूर्वी झालेली असते. तेव्हा जे खाल्लं, जी झोप झाली, जो ताप आला, त्या सगळ्यातून ते वाट काढत आलेलं असतं. आणि मागून रोज नवीन निघतच असतात. दर श्वासाला हजाराच्या वर.

तू डेपोत गाड्यांची वेळापत्रकं बसवतेस, तुला हे माझ्यापेक्षा लवकर कळेल. आज जी गाडी सुटली ती अडीच महिन्यांनी पोचणार. वाटेतली परत बोलावता येत नाही. पण उद्याची वेगळी सोडता येते.

मी हजारो नमुने मोजले. मला वाटायचं मी माणसाचा निकाल मोजते आहे. मी त्याचे जुने दिवस मोजत होते. आणि शरीर असं की, कितीही वाईट दिवस दिले तरी दुसऱ्या सकाळी ते नव्याने हजार सोडायला तयार. भिंगाजवळ बसले की मला आता हात जोडावेसे वाटतात. काका विचारतात, "बाई, मान आखडली का?"

ढब्बूने विचारलं, "मग मी बारीक झालो की होईल ना?"

"आशा आहे," बाई म्हणाल्या. "हमी नाही. काहींचं सुधारतं, काहींचं थोडं, काहींचं नाही. उपाशी मात्र राहायचं नाही. सावकाश."

त्याने भट्टी सोडली. पॅकिंगमध्ये बदली मागून घेतली. भट्टीच्या नुसत्या वासावरून 'अजून दीड मिनिट' सांगणारा माणूस आता खोक्यांना पट्टी लावतो, आणि ज्याला त्याने काम शिकवलं तो त्याचा साहेब आहे. घरी येऊन मला म्हणाला, "ताई, तिथे थंड आहे." एवढंच.

– त्याची बहीण

१७ मार्च

ढब्बू पायी कामावर जातो. आठ किलो कमी झालं. गोड सोडा बंद. तुटक्या बिस्किटांची पिशवी तो दारावरच्या पहारेकऱ्याला देऊन येतो. रोज जेवायला माझ्याकडे येतो, कारण एकटा जेवला की त्याचा हात थांबत नाही म्हणतो. मी लहान ताटली घेतली आहे. पहिल्या दिवशी त्याने ती उचलून उजेडात धरली. "ताई, ही ताटली आहे की शर्टाचं बटण?"

हसलो दोघं. पण त्याने जेवण संपवून ताटली पुढे केली नाही, तेव्हा मी भाताचं भांडं हातात घेऊन उगाच उभी राहिले. का ते सांगते. आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

आई गेली तेव्हा मी सोळाची होते आणि हा नऊ वर्षांचा. महिनाभर तो एक शब्द बोलला नाही. भिंतीकडे तोंड करून बसायचा. बाबांना वाटलं, पोर वेडं होणार. मग एका दुपारी मी वाढलेलं त्याने संपवलं आणि रिकामी थाळी पुढे करून म्हणाला, "अजून." तो त्याचा महिन्याभरातला पहिला शब्द. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले आणि दुप्पट वाढलं.

त्या दिवसापासून माझ्या लेखी ढब्बू जिवंत असल्याची एकच खूण होती: तो अजून मागतो. ढब्बू हे नावही मीच ठेवलं. त्याचं लग्न झालं तेव्हा मी तुला सगळ्यात आधी काय सांगितलं, आठवतं? 'त्याला कमी वाढू नकोस.' तू त्याच्या ताटात कोशिंबीर वाढलीस की मी मनात म्हणायचे, आली मोठी.

आता ती दुसरी गोष्ट, जी मी दोन पत्रांत टाळली.

मामांकडे सगळे जेवायला जमले होते. कुणीतरी विचारलं, "काय, अजून काही गोड बातमी नाही?" आणि मी आमच्या दवाखान्यातल्या स्त्रीरोगतज्ज्ञांचं कार्ड पर्समधून काढून सर्वांदेखत तुझ्या हातात ठेवलं. "हिला एकदा दाखवून घेऊ." मला वाटलं मी मदत करते आहे. तू कार्डाकडे पाहिलंस, मग ढब्बूकडे. तो दुसऱ्यांदा भात घेत होता.

त्यानंतर तुझी तीन वर्षं. नळ्यांची तपासणी, जिच्यानंतर तुला दोन दिवस उभं राहता येत नव्हतं. पोटाला भोक पाडून दुर्बीण. सुया. प्रत्येक अहवाल चांगला. आणि प्रत्येक चांगल्या अहवालानंतर मी म्हणायचे, "आणखी एक करून बघू."

अगं, मी पुरुषांचं बीज मोजून पोट भरते. मूल न होणाऱ्या जोडप्यांत जवळजवळ निम्म्या वेळा पुरुषाच्या बाजूनेही काहीतरी असतं, हे मी नवीन आलेल्या मुलींना पहिल्या दिवशी शिकवते. खिडकीवर येणारा प्रत्येक हात कुणाचा तरी भाऊ आहे, हे मला ठाऊक होतं. माझा सोडून.

तू तीनदा म्हणालीस, "ताई, त्यांचीही एकदा करूया का?" तीनदा. मी म्हटलं, "तो? तो तर किती निरोगी आहे. जेवण बघ त्याचं."

ह्या वाक्याची मला आता लाज वाटते, पण सगळ्यात खरी लाज निराळी आहे. मला आतून माहीत होतं. त्याच्या पोटाकडे बघून माहीत होतं. विचारलं असतं तर उत्तरात माझी थाळी निघाली असती.

आणखी काही लिहीत नाही. क्षमा मागायची तर समोर यायला हवं, आणि तू बोलावलेलं नाहीस.

– नुसती त्याची बहीण

१५ एप्रिल, जेवणाची सुट्टी

घाईत लिहिते आहे, डबा उघडलाही नाही. झालं! एक कोटी सत्तर लाख!

आज शहात्तरावा दिवस. ढब्बू सकाळी आला, आता शंभर किलोच्या जवळ आला आहे, हातावरचा डागसुद्धा बारीक दिसला मला. आमची दुसरी मोजणारी मुलगी आज रजेवर, काका खालच्या मजल्यावर. मी स्वतः बसले. हो, मीच बसले. अर्धा तास डबी ऊबदार पट्टीवर ठेवली, थेंब काचेवर सोडला, डोळा लावला.

काय सांगू तुला. आधी नुसता राखाडी प्रकाश. मग भिंग जरा फिरवलं आणि सगळं आकाश एकदम जागं झालं. इकडून तिकडे, शेपट्या झाडत, एकमेकांना चुकवत. एकाने तर चौकटीची अख्खी रुंदी ओलांडली, कुठे न थांबता. त्याला ना डोळे ना नकाशा. भिंतीकडे तोंड करून बसलेल्या नऊ वर्षांच्या पोरातून हे निघालं आहे, असं मनात आलं आणि मला पुढचं धूसर दिसायला लागलं. डोळे पुसून पुन्हा मोजलं.

एक कोटी साठ लाखांची रेघ ओलांडली गं. हलणारे पन्नासच्या आसपास.

हे पत्र आत्ताच टाकते, दीडचं टपाल निघायच्या आत. तू रजा काढ. ये. त्याला मी अजून सांगितलेलं नाही, तू आल्यावर तूच सांग.

– तुझी ताई

१६ एप्रिल

कालचं पत्र परत मिळवता येतं का म्हणून सकाळी टपाल कार्यालयात गेले होते. खिडकीवरची बाई म्हणाली, "टाकलं की ते त्याचं झालं." म्हणजे ज्याला लिहिलं त्याचं.

एक कोटी सत्तर लाख नाहीत. नव्वद लाख आहेत. हलणारे शंभरांत एकोणीस.

आमच्याकडे प्रत्येक नमुना दोघांनी वेगवेगळा मोजायचा असतो, एकमेकांचा आकडा न बघता, आणि मग ताळा घ्यायचा. काल काका वर आले, मुकाट्याने बसले, मोजलं. दोन आकडे शेजारी ठेवले तर त्यांच्यात एवढं अंतर की मधून बस जावी. काकांनी पुन्हा मोजलं. मग मोठ्या डॉक्टरबाईंना बोलावलं. त्यांचा आकडा काकांच्या आकड्याला जाऊन मिळाला. माझा एकटाच उभा राहिला.

काचेवर बारीक चौकटी कोरलेल्या असतात. काही बीजं बरोबर रेघेवर बसतात, मग ती कुठल्या घरची म्हणायची? काकांनी मला पहिल्या दिवशी शिकवलं होतं: "वरची आणि डावी रेघ आपली, खालची आणि उजवी शेजाऱ्याची." नाहीतर तेच डोकं दोन घरांत मोजलं जातं. एकोणीस वर्षांत मी हे कधी चुकले नाही. काल मी चारही रेघा आपल्या केल्या. शेपूट तुटलेली डोकी मोजली. मोजायच्याच नसतात अशा गोल पेशीसुद्धा मोजल्या. जागच्या जागी तडफडणारे 'चालणारे' म्हणून धरले.

माझं मलाच कळलं नाही. मुद्दाम केलं असतं तर बरं झालं असतं. मला खरंच तेवढे दिसले. त्याच्या ताटात जसं वाढत आले तसंच मोजलं मी त्याला. अजून, अजून.

काका रागावले नाहीत. माझा कागद फाडून टोपलीत टाकत म्हणाले, "बाई, म्हणून तो नियम आहे. माया करायला डोळा नाही लागत. मोजायला लागतो."

ढब्बूला मी सगळं सांगितलं, पत्राचंही. तो म्हणाला, "तिला तू पुन्हा चुकीचं सांगितलंस." 'पुन्हा' म्हणाला. माझ्याशी इतक्या हळू आवाजात तो कधी बोलला नव्हता.

चाळीसाचे नव्वद झाले, हे खरं आहे. त्याने चालून चालून मिळवलेलं आहे. पण मी त्याला एका दुपारीत एक कोटी सत्तर लाख दिले, आणि आता त्याला ते नव्वद कमी वाटतात. त्याची कमाईसुद्धा मी खाल्ली.

येऊ नकोस. म्हणजे माझ्या कालच्या पत्रावरून येऊ नकोस.

– त्याची बहीण

९ मे

तुझं कार्ड मिळालं. नऊ महिन्यांनी तुझं अक्षर पाहिलं. पोस्टमन गेल्यावर जिन्यातच वाचलं.

"दोन्ही पत्रं एकाच दिवशी आली. आधी पहिलं उघडलं, दुसरं संध्याकाळी. रजा टाकली होती ती मागे घेतली. तुमच्यावरचा राग गेलेला नाही. चूक एका दिवसात कबूल केलीत हे मात्र लक्षात ठेवते, मागच्या चुकीला तीन वर्षं लागली होती. पुढचा नमुना कधी ते कळवा. तुम्ही मोजू नका."

ताई म्हटलेलं नाहीस. ठीक आहे. कार्ड मी डब्यांच्या फळीवर ठेवलं आहे, तू जाताना स्त्रीरोगतज्ज्ञांचं जे कार्ड माझ्याकडे ठेवून गेलीस त्याच्या शेजारी. हो, ते अजून तिथेच आहे. तुझ्या हातातून परत आलेलं कार्ड टाकायची माझी हिंमत झाली नाही.

तुझ्या ह्या कार्डाचं मला जे वाटलं ते सांगते. तुझ्या जागी मी असते तर गप्प बसले असते, नाहीतर भांडले असते. तू विचारलंस, पुढचा कधी. एवढं सोसून ज्याला अजून खरा आकडा हवा आहे, असं माणूस मी पाहिलं नव्हतं. आमच्याकडे लोक चांगला आकडा मागतात.

पुढचा नमुना एक जुलैला, सकाळी दहाला. त्याच्याआधी बघण्यात अर्थ नाही, जे निघालं आहे ते वाटेत आहे.

एक विचारते. प्रयोगशाळेत एक जुना सूक्ष्मदर्शक आहे, शिकवायचा. त्याला दोन माणसांना एकदम बघता येतं, समोरासमोर बसून. मी डॉक्टरबाईंशी बोलले. अहवालाची मोजणी काका आणि ती मुलगी करतील, नियमाने. पण ढब्बूची लेखी हरकत नसेल तर त्यानंतर तुला बघता येईल, काकांबरोबर. ढब्बूला विचारलं, तर त्याने माझ्याच पेनने तिथल्या तिथे सही केली आणि खाली लिहिलं: 'साडेआठ कधी चुकत नाही.'

तिसऱ्या महिन्यात तो माझ्या घरी जिने चढून वर आला आणि पहिल्यांदाच धापा न टाकता म्हणाला, "काय केलंयस?" मी वळून पाहिलं, कोण आलं म्हणून.

तू तीन वर्षं लोकांना तुझ्या आत बघू दिलंस. एकदा तुला बघायला मिळावं, असं वाटतं.

– त्याची बहीण

१ जुलै, दुपारी

हे पत्र तुझ्या पिशवीत ठेवायचं म्हणून लिहायला घेतलं आहे. तू चारच्या गाडीने परत जाणार आहेस, सकाळीच सांगितलंस. तुम्ही दोघं खाली थांब्यावर आहात. मी वर प्रयोगशाळेच्या खिडकीशी. मला तुमचं बोलणं ऐकू येत नाही.

सकाळी तू आलीस तेव्हा मी तोंड उघडलं आणि तू हात वर केलास. "आधी मोजू दे." मी भिंतीला टेकून उभी राहिले. मोजणीत मी नव्हते, काचेजवळही नव्हते.

नियमाची मोजणी झाली, ताळा जमला. मग काकांनी तुला खुर्ची दिली. तू डोळा लावलास. आधी काही दिसेना, "नुसता पांढरा कागद आहे," म्हणालीस. काकांनी भिंग फिरवलं.

तू एकदम मागे सरलीस. मग पुन्हा पुढे. मी तुझा चेहरा पाहत होते, तो मी कधीच विसरणार नाही. तीन वर्षांत तुला चाचण्यांच्या खोल्यांतून बाहेर येताना पाहिलं, तेव्हा ओठ मिटलेले असायचे. आज ते उघडे होते, आणि तुला त्याचं भान नव्हतं.

"एवढे," म्हणालीस. "हे एवढे सगळे, आणि ह्यातला एकच लागतो?"

"एकच," काका म्हणाले. "बाकीचे वऱ्हाडी."

मग त्यांनी तुझ्या हातात टिकटिक मोजायचं यंत्र दिलं. शंभर बघायचे, चालेल त्याला दाबायचं. "हा गोल फिरतोय, धरू?" "जाग्यावरच फिरतोय? मग चालणाऱ्यांत नको." "हा रेघेवर बसलाय." "कुठल्या?" "खालच्या." "मग शेजाऱ्याचा." तू हसलीस. आणि मग, "अहो काका, हा बघा. हा कुठे निघालाय? वाटेत एकही थांबा घेत नाहीये."

तुझे तेहेतीस. काकांचे चौतीस. मिलिलिटरला एक कोटी चाळीस लाख.

रेघ ओलांडलेली नाही. डॉक्टरबाईंनी तुम्हा दोघांना तसं स्पष्ट सांगितलं: जवळ आलं आहे, पुढे काय होईल ते सांगता येत नाही, गरज लागली तर वाटा आहेत. तू मान हलवत ऐकत होतीस. बाहेर येऊन तू अहवालाचा कागद घडी करून ढब्बूच्या खिशात ठेवलास. तो म्हणाला, "कमी आहेत ना?" तू म्हणालीस, "खरे आहेत."

जाताना माझ्यासमोर थांबलीस. मी म्हटलं, "मी तुझी तीन वर्षं..." इतकी पत्रं लिहिली आणि समोर शब्द नाही. तू म्हणालीस, "माहीत आहे. वाचलंय. सगळी ठेवली आहेत." माफ केलं असं म्हणाली नाहीस. खोटं तू बोलत नाहीस, हे मी आता शिकले आहे. फक्त जिन्यावरून वळून म्हणालीस, "ताई, त्यांच्या डब्यात आज काय दिलंय?"

मी सांगितलं. तू म्हणालीस, "थोडं कमी चाललं असतं." आणि गेलीस.

आता पावणेचार. तुम्ही थांब्याच्या बाकावर बसला आहात. मधे एका माणसाची जागा सोडून. त्याने डबा उघडला आहे. आधी तुझ्यापुढे धरला.

चारची गाडी वळणावर दिसते आहे. पत्र घेऊन मला खाली यायला हवं, एवढं लिहून येते.

गाडी थांबली. दार उघडलं. तू उठलीस. ढब्बूही उठला, तुझी पिशवी उचलून तुझ्याकडे धरली. तू काहीतरी विचारलंस. त्याने खिशातून कागद काढला. तुम्ही दोघं तो बघता आहात, डोक्याला डोकं लावून. चालक वाकून बघतो आहे. तू वर न बघताच त्याला हाताने सांगितलंस, जा.

साडेचार झाले. दुसरी गाडीही आली आणि गेली. तुमच्या मधली जागा आता दिसत नाही, ती मला इथून दिसत नाही की उरलीच नाही, मी मोजणार नाही.

सगळ्या गाड्यांच्या वेळा तूच बसवल्या आहेत. पाचची शेवटची, हे तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत असणार.

पाचची आली. थांबली.

गेली. बाकावर अजून तुम्ही दोघंही आहात.